दारचा राखणदार

चिखलदऱ्याहून परतलेला प्रवासी धुक्याचे वर्णन करतो, दऱ्यांचे करतो, भीमकुंडाच्या धबधब्याचे करतो. रबडीची आणि खव्याची चवही त्याच्या स्मरणात असते. ज्या म्हशींच्या दुधाचा तो खवा, त्या म्हशी दिवेलागणीला पठारावरून गोठ्याकडे परततात तेव्हा त्यांच्या मागे एखादे मध्यम चणीचे कुत्रे मुकाट चालत असते. त्याची आठवण मात्र कोणी सांगत नाही. त्याच्या गळ्यात पट्टा नसतो, त्याची वंशावळ कोठे लिहिलेली नसते, त्याच्या जातीला नावही नसते. ‘गावठी’ एवढ्या एका शब्दात त्याची बोळवण होते.

गाविलगडच्या डोंगररांगांत माणूस, म्हैस आणि कुत्रे यांचे साहचर्य फार जुने आहे. गाविलगड हे नावच मुळी गवळ्यांवरून आले, असे मानले जाते. मोथ्यासारख्या गावांतून गवळी कुटुंबे आजही म्हशी राखून आपला चरितार्थ चालवतात. वऱ्हाडच्या ज्या म्हशीला शासकीय दप्तरात ‘नागपुरी’ म्हणतात, तिचे ‘एलिचपुरी’ हे दुसरे नाव पायथ्याच्या अचलपूरवरून पडले आहे. म्हणजे म्हशीला नाव मिळाले, गडाला नाव मिळाले. राखणदार मात्र निनावी राहिला.

आणि हे राखण सोपे नव्हे. १९७३ साली आरंभ झालेल्या व्याघ्रप्रकल्प योजनेत देशातील जी पहिली नऊ अरण्ये निवडली गेली, त्यांत मेळघाट होता. येथे वाघ आहे, बिबट्या आहे, अस्वल आहे, रानकुत्र्यांचे कळप आहेत. अशा परिसरात रात्रभर गोठ्याच्या दारात बसणाऱ्या कुत्र्याच्या अन्नाची, आरोग्याची आणि आयुष्याची चिंता कोणी वाहायची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्यात गवळ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, अरण्यातील श्वापदांच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे आणि शहरांत हौसेने उंची जातीची कुत्री पाळणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांच्या कर्तव्याचाही प्रश्न आहे.

सरमेचा वारसा

लोकपरंपरेने चिखलदऱ्याचा संबंध महाभारताशी जोडला आहे. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत लोटले, म्हणून ही कीचकदरा. तिचेच पुढे चिखलदरा झाले, असे सांगतात. जवळचे वैराट हे स्थान विराटनगरीची आठवण जपते. विराटाची कथा ही बव्हंशी गोधनाची कथा आहे. अज्ञातवासात सहदेवाने विराटाच्या गोधनावर देखरेख करण्याची चाकरी पत्करली आणि कौरवांनी विराटाच्या गायी वळवून नेल्या तेव्हाच बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाला पुन्हा धनुष्य हाती घ्यावे लागले. पशुधनाची राखण हे त्या काळी राजधर्माचे अंग होते.

या राखणीत कुत्र्याचे स्थान ऋग्वेदाइतके प्राचीन आहे. दहाव्या मंडलात सरमा आणि पणी यांचा संवाद येतो. पणींनी दडवून ठेवलेल्या गायींचा माग काढीत देवशुनी सरमा त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि त्यांनी दाखवलेल्या लोभाला बळी पडत नाही. महाभारताच्या आदिपर्वात हीच सरमा दुसऱ्या रूपात भेटते. जनमेजयाच्या सत्रात तिच्या पिल्लाला राजाच्या भावांनी मारहाण केली. पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटण्याची गोष्टच सोडा. सरमा जाब विचारण्यास गेली. कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा, ‘तुमच्यावर अकल्पित भय येईल’ असा शाप तिने दिला आणि सम्राट जनमेजय त्या शापाने अस्वस्थ झाला. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाचा रथ चढण्यास नकार दिला, ही कथा तर घराघरांत ठाऊक आहे. दत्तात्रेयांच्या चरणाशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या सोबतीलाही श्वान आहे.

एवढा वारसा असताना व्यवहारात मात्र ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ हा वाक्प्रचार भाषेत रूढ व्हावा, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे. तसबिरीतील श्वानापुढे हात जोडणारे हात दारातील कुत्र्यावर दगड उचलतात. श्रद्धा आणि आचरण यांत पडलेले हे अंतर भरून काढण्यास आरंभ कोठून करावा, याचे उत्तर गवळ्याच्या गोठ्यातच सापडते.

हाकणारे आणि राखणारे

जगभरात कळपाबरोबर राहणाऱ्या कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार कळप हाकणाऱ्यांचा. धन्याच्या शिटीवर मेंढ्यांना वळवणारे, विखुरलेला कळप एकत्र करणारे बॉर्डर कोली हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यात १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ नावाचा कुत्रा या जातीचा मूळ पुरुष मानला जातो. भारतीय मध्यमवर्गाला ‘अल्सेशियन’ या नावाने परिचित असलेला जर्मन शेफर्ड हाही याच प्रकारातला. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ साली या जातीची पद्धतशीर जोपासना सुरू केली. कुत्र्याचे रूप दुय्यम आणि त्याची कामाची पात्रता मुख्य, असा त्याचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांना ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला, म्हणून त्यांनी या कुत्र्याला अल्सेशियन म्हटले आणि आपल्याकडे तेच नाव चिकटून राहिले. बंगल्याच्या फाटकावर बांधलेला हा कुत्रा मुळात मेंढपाळाचा सहकारी आहे, याचे भान आज त्याच्या कित्येक मालकांनाही नसते.

दुसरा प्रकार राखणाऱ्यांचा. ही कुत्री कळपाला हाकत नाहीत. कळपात राहतात, त्याला आपले कुटुंब मानतात आणि परक्याची चाहूल लागली की मध्ये उभी राहतात. तुर्कस्तानातील कंगाल, काश्मीरच्या बकरवालांची कुत्री, हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांची कुत्री या प्रकारात येतात. मेळघाटातील गवळ्याचे आणि वऱ्हाडच्या सपाटीवर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराचे कुत्रेही मुख्यतः याच प्रकारचे. त्याला शिटीचे इशारे शिकवलेले नसतात. तो शिकतो ते सहवासातून.

हा सहवास कसा घडवावा लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत ज्यांच्या संगतीत वाढते, त्यांना ते आयुष्यभर आपले मानते. या वयात ते पारडांच्या अंगाशी झोपले, म्हशींच्या पायांतून वावरले, त्यांचा वास त्याच्या नाकात भिनला, की पुढे राखण करणे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. चार्ल्स डार्विनने १८३३ साली दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेच्या प्रदेशात हीच रीत पाहिली होती. तेथील मेंढपाळ पिल्लाला लहानपणीच आईपासून दूर करून मेंढीचे दूध पाजत आणि मेंढ्यांच्या वाड्यातच त्याला वाढवीत. शास्त्राने ज्याला आज संवेदनशील काळ म्हटले आहे, तो ग्रंथ न वाचताही पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखला होता. हे ज्ञान पदवीचे नाही, पण ज्ञान आहे. आणि जंगलाकाठची पशुपालक गावे जसजशी उठत आहेत, नवी पिढी जसजशी गोठ्यापासून दूर जात आहे, तसतसे ते विरत चालले आहे.

रात्रीचे मोल

राखणदाराला या कामाचे मोल स्वतःच्या प्राणाने मोजावे लागते. बिबट्याला कुत्र्याचे मांस प्रिय आहे, हे ग्रामीण भागात कोणालाही सांगावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेचा शास्त्रीय अभ्यास झाला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या भक्ष्यात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. उसाच्या फडातील बिबट्याचे हे चित्र अरण्यातील बिबट्याला जसेच्या तसे लागू होणार नाही. परंतु रात्रीच्या पहिल्या झडपेत कोण सापडतो, याचा बोध त्यातून होतो. म्हैस गेली तर निदान पंचनामा होतो, नुकसानभरपाईचा अर्ज तरी करता येतो. कुत्रे गेले तर गवळी दुसरे पिल्लू आणतो आणि विषय संपतो.

हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांनी यावर आपला उपाय शोधला आहे. बिबट्या मानेवर झडप घालतो हे जाणून ते कुत्र्याच्या गळ्यात खिळे बसवलेला लोखंडी पट्टा घालतात. उपाय साधा आहे, लोहाराच्या भात्यावर तयार होणारा आहे. मेळघाटातील गवळीवस्त्यांवर असे पट्टे पोहोचवणे एखाद्या सेवाभावी मंडळाला अवघड जाऊ नये. त्याच्या जोडीला गोठ्याला पक्के दार, दारात रात्रभर जळणारा दिवा आणि कुत्र्याला एकटे न ठेवता जोडीने ठेवणे, एवढी दक्षता घेतली तरी कित्येक प्राण वाचू शकतात.

कायद्याच्या यादीत नसलेला प्राणी

बिबट्याहून मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे रोग. पिसाळण्याचा रोग एकदा लक्षणे दिसू लागली की जवळपास निश्चितपणे प्राण घेतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या अलीकडच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने दगावतात. लुई पाश्चरने १८८५ साली जोसेफ मायस्टर या मुलाला लस टोचून वाचवले, त्याला १४० वर्षे होऊन गेली. लस आहे, ती परिणामकारक आहे, तरीही माणसे मरतात; कारण ती वेळेवर कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही आणि चावा बसल्यावर माणूस वेळेवर दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुणे हा पहिला उपचार. त्याऐवजी जखमेवर चुना किंवा तिखट भरण्याची घातक रीत आजही अनेक ठिकाणी आढळते. शिवाय पिसाळलेले कुत्रे म्हशीलाही चावते, आणि दुभती म्हैस गेली की गवळ्याच्या घराचा आधार जातो.

दुसरा रोग कुत्र्यांतील डिस्टेंपरचा. तो माणसाला होत नाही, म्हणून त्याची दखल घेतली जात नाही. परंतु मार्जारकुळातील श्वापदांना आणि रानकुत्र्यांना तो होतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अरण्यात १९९४ साली या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. भोवतालच्या खेड्यांतील लस न टोचलेल्या कुत्र्यांमध्ये त्याचे मूळ होते, असे अभ्यासकांचे मत पडले. गुजरातच्या गीर अरण्यात सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांपैकी काहींत याच रोगाचे विषाणू आढळले. वाघांसाठी कोट्यवधी रुपये खर्चून राखलेले अरण्य, त्याच्या सीमेवरच्या एका आजारी कुत्र्यामुळे संकटात येऊ शकते.

येथे कायद्यातील एक विचित्र पोकळी लक्षात घेतली पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने ३३-अ हे कलम घालण्यात आले. अभयारण्यात किंवा त्याच्यापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पशुधनाला संसर्गजन्य रोगांची लस टोचण्याची जबाबदारी या कलमाने मुख्य वन्यजीव रक्षकांवर टाकली आहे. हेतू उत्तम आहे. परंतु ‘पशुधन’ या शब्दाची जी व्याख्या कायद्यात आहे, तिच्यात म्हैस, गाय, बैल, उंट, गाढव, शेळी, मेंढी, घोडा, खेचर, याक यांची नावे येतात आणि कुत्र्याचे नाव येत नाही. ज्या प्राण्याचा रोग वाघाला सर्वांत जवळचा, तोच यादीतून सुटला. कुत्र्यांचे लसीकरण वन विभाग करू शकत नाही, असा याचा अर्थ नव्हे. तशा मोहिमा होतातही. परंतु जे कर्तव्य कायद्याने सांगितलेले असते ते नियमाने होते आणि जे सद्भावनेवर सोडलेले असते ते निधीच्या आणि अधिकाऱ्याच्या आवडीनुसार होते, हा सर्वांचा अनुभव आहे. या व्याख्येत पशुपालकाच्या कुत्र्याचा समावेश व्हावा, ही मागणी लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात आणि संसदेत लावून धरण्याजोगी आहे.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर वन्यजीवप्रेमींचा एक आक्षेप असतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. कुत्रे अरण्यात शिरते, हरणांच्या पाडसांमागे धावते, ससे मारते, रोग पसरवते. म्हणून व्याघ्रप्रकल्पाच्या आसपास कुत्री नकोतच, असे ते म्हणतात. यातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. हरणांमागे धावणारे कुत्रे बहुधा उपाशी असते, मोकाट असते, किंवा नावापुरता धनी असलेले असते. दोन वेळ पोटभर खाणारे आणि लहानपणापासून म्हशींच्या संगतीत वाढलेले कुत्रे कळप सोडून सहसा दूर जात नाही. कुत्रे अरण्याचे मित्र होणार की वैरी, हे त्याच्या जातीवर ठरत नाही. त्याचा धनी कसा आहे, यावर ठरते.

याचा पडताळा दूरच्या नामिबियात मिळतो. तेथील शेतकरी शेळ्यामेंढ्या मारतो म्हणून चित्त्याला गोळ्या घालीत असत. चित्ता संवर्धनासाठी झटणाऱ्या लॉरी मार्कर यांच्या संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की जातीची राखणदार कुत्री देण्यास सुरुवात केली. कुत्री कळपात राहू लागली, चित्ते दूर राहू लागले, शेतकऱ्यांचे नुकसान कमी झाले आणि बंदुका उचलण्याचे कारणही कमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ज्या देशातून चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात आले, तो हाच देश. चित्ता आणण्यासाठी आपण नामिबियाकडे पाहिले. श्वापद आणि पशुपालक यांच्यामध्ये कुत्र्याने घडवलेला समेटही तेथून शिकता येईल. मात्र त्यासाठी तुर्की कुत्री आणण्याची गरज नाही. मेळघाटच्या पावसाला, धुक्याला, चढउतारांना आणि भाकरीच्या तुकड्याला सरावलेला राखणदार गोठ्याच्या दारात पूर्वीपासून बसलेला आहे. उणीव आहे ती त्याच्या पालनपोषणाची.

फाटकावरचा मेंढपाळ

आता दृष्टी पठारावरून खाली, अमरावती आणि अकोल्याच्या वसाहतींकडे वळवावी लागते. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा हवेत थंड देशांतील, अंगावर केसांचा दुहेरी थर असलेली कुत्री हौसेने आणली जातात. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तळपायांचा किंचित भाग सोडला तर धापा टाकणे हाच त्याचा उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग. दुपारच्या वेळी सिमेंटच्या अंगणात साखळीने बांधलेला अल्सेशियन जीभ बाहेर टाकून धापा टाकीत असतो, तेव्हा तो घराची राखण करीत नसतो, स्वतःचा जीव राखत असतो. उष्माघाताने अशी कुत्री काही तासांत दगावू शकतात. त्यांना सावलीची, हवेशीर जागेची, भरपूर पाण्याची गरज असते. फिरवण्याची वेळ पहाटेची किंवा रात्रीची हवी. उन्हाळा आला म्हणून त्यांचे केस मुळापासून भादरणे हा गैरसमज आहे, कारण तेच केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात.

याहून खोल गरज कामाची आहे. दिवसभर कळपामागे धावण्यासाठी घडवलेला प्राणी चार भिंतींत बसवला की तो पादत्राणे कुरतडतो, रात्रभर भुंकतो, मुलांच्या टाचांना तोंड लावतो. घरचे म्हणतात, कुत्रे बिघडले. ते बिघडलेले नसते, ते बेकार झालेले असते. रोजचा दोन वेळचा दीर्घ फेरफटका, वस्तू शोधून आणण्याचे खेळ, आज्ञापालनाचा नियमित सराव हे त्याच्यासाठी अन्नाइतकेच आवश्यक आहे. याच्या जोडीला पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून ठरलेल्या लसी, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पिसाळरोगाची लस व पुढे दरवर्षी तिची मात्रा, जंतांचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त हे सारे आले. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत, हेही घरातील मुलांना सांगून ठेवले पाहिजे. अल्सेशियन जातीत कमरेच्या सांध्याचा आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो; पिल्लू घेताना आईबापांच्या प्रकृतीची चौकशी न करता केवळ रूपावर भाळणे म्हणजे पुढच्या दहा-बारा वर्षांचे दुखणे विकत घेणे होय.

जी कुटुंबे एवढे करू शकत नाहीत त्यांनी कुत्रे न पाळण्यात काही कमीपणा नाही. पाळून मग कंटाळा आला, बदली झाली, कुत्रे म्हातारे झाले म्हणून त्याला घाटात किंवा गावाबाहेर सोडून येण्यात मात्र निश्चित अधर्म आहे. असे सोडलेले कुत्रेच पुढे उपाशी, रोगी आणि हिंसक होते आणि त्याच्या वाट्याचे पाप निरपराध गावठी कुत्र्यांच्या माथी मारले जाते. निरक्षर म्हणून ज्याला हिणवले जाते तो गवळी, भाकरीच्या आपल्या वाट्यातला तुकडा कुत्र्याला घालतो, त्याला काम देतो आणि म्हातारपणी गोठ्याच्या कोपऱ्यात त्याला जागाही देतो. पाळणे म्हणजे काय, हे शहराने त्याच्याकडून शिकावे. आणि लस म्हणजे काय, हे शहराने त्याच्यापर्यंत पोहोचवावे. हा व्यवहार दोन्ही बाजूंच्या हिताचा आहे.

करता येण्यासारखे

लाळ्या-खुरकुताच्या निर्मूलनासाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअन्वये लस टोचणारे पथक गोठ्यापर्यंत जाते, म्हशीच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, तिची नोंद होते. ते पथक ज्या दारातून आत शिरते, त्या दारात कुत्रे बसलेले असते. त्याच खेपेत, शीतपेटीत पिसाळरोगाच्या व डिस्टेंपरच्या लसीच्या कुप्या ठेवल्या तर वेगळ्या वाहनाचा, वेगळ्या दौऱ्याचा खर्च लागणार नाही. पशुसंवर्धन आणि वन या दोन विभागांनी एकत्र बसून ठरवावे, एवढेच हे काम आहे.

दुसरे काम नोंदीचे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२० च्या सुमारास राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ या देशी श्वानजातींची नोंद केली. २०२५ च्या प्रारंभी गद्दी कुत्र्याला तो मान मिळाला आणि पशुपालकाच्या राखणदाराचे नाव प्रथमच त्या यादीत आले. महाराष्ट्रातील धनगर आणि गवळी यांच्या कुत्र्यांचा असा पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. त्यांच्यात वेगळी जात म्हणण्याइतकी समानता आहे की नाही, हे अभ्यासाअंतीच कळेल. पण पाहिल्यावाचून ‘गावठी’ म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था मेळघाटाच्या जवळच आहे. तेथील विद्यार्थ्यांना यापेक्षा उपयुक्त प्रबंधविषय कोणता मिळणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये आरंभ झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची प्रथमच स्वतंत्र दखल घेण्याचे ठरले. त्यांच्या कुत्र्यांचीही तशीच वेगळी दखल घेतली, तर लस किती लागेल याचा हिशेब आपोआप हाती येईल.

तिसरे काम कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहणारे नाही. आरोग्य शिबिरे, वनवासी पाड्यांवरील सेवाप्रकल्प, महाविद्यालयांची श्रमसंस्कार शिबिरे या निमित्ताने असंख्य कार्यकर्ते मेळघाटात जातात. माणसांच्या तपासणीबरोबर एखादा पशुवैद्य सोबत नेला, कुत्र्यांना लस टोचली, चाव्यावर करावयाचा प्रथमोपचार घरोघर समजावला, तर एका दिवसात एक गाव सुरक्षित होऊ शकते. सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनीही थोडे पथ्य पाळावे. घाटात वाहन सावकाश हाकावे. कड्याजवळ वेफर्सचे तुकडे टाकून राखणदाराला भिकारी बनवू नये. खव्याचा भाव करताना त्या भावात रात्रभर जागलेल्या एका मुक्या जिवाचीही मजुरी आहे, याची जाणीव ठेवावी.

युधिष्ठिराची परीक्षा स्वर्गाच्या दारात झाली. सोबत आलेल्या कुत्र्याला त्याने वंशावळ विचारली नाही, रूप पाहिले नाही. वाटेत त्याने साथ दिली होती, एवढे त्याला पुरेसे होते. चिखलदऱ्याच्या पठारावर आज रात्री धुके उतरेल, म्हशी दावणीला बांधल्या जातील, गवळी आडवा होईल आणि त्याचा निनावी सोबती दाराशी कान टवकारून बसेल. त्याने आपले काम चुकवलेले नाही. लस घेऊन त्या दारापर्यंत जाण्याचे काम बाकी आहे, आणि ते माणसाचे आहे.